अकरा जणींचे जबाब आणि गळ्यातलं घड्याळ

ते घड्याळ मी पहिल्यांदा तळहातावर घेतलं, तो दिवस माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी पोलीस नव्हते. भिवंडीतल्या एका पोलीस ठाण्यात सफाईला होते. शिक्षण चौथीपर्यंत. पण ठाण्यात बाई आणली की तिची अंगझडती बाईनेच घ्यायची, असा नियम आहे. महिला कॉन्स्टेबल कधी कोर्टात, कधी बंदोबस्ताला. मग साहेब हाक मारायचे, "मावशी, जरा या." वीसेक वर्षं मी अशा झडत्या घेतल्या. साडीचा काठ, अंबाडा, पोलक्याची शिवण, चपलेचा तळ, सगळीकडे हात फिरवायचे आणि बाजूला उभी राहायचे. उभ्या उभ्या बरंच कळत गेलं. जबाब कसा घेतात, पंचनामा कसा लिहितात, मुद्देमाल सीलबंद कसा करतात, खोटं बोलणारा माणूस आधी कुठे बघतो. साहेबलोकांसमोर मात्र मी कधी तोंड उघडलं नाही. विचारलं तर "काही मिळालं नाही" किंवा "हे मिळालं", एवढंच. आता घरी बसले आहे, म्हणून लिहिते आहे. नावं कुणाचीच लिहीत नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला बाजारातल्या एका सोनाराचा ठाण्यात फोन आला. एक बाई जुनं सोन्याचं घड्याळ घेऊन आली आहे, किंमत विचारते आहे, पावती नाही, दिसायला गोदामात काम करणारी वाटते. चोरीचा माल दुकानात येतो, म्हणून सोनारांना कळवायला सांगितलेलंच असतं. त्याने तिला "बसा, वजन करतो" म्हणून बसवून ठेवलं. आमचा हवालदार जाऊन तिला घेऊन आला.

ती तिशीतली असेल. वळ गावातल्या एका गोदामात पॅकिंगला होती, अंगावर तिथलाच निळा कोट होता. झडतीच्या खोलीत तिने हात आपणच वर केले. तिच्या अंगावर काही सापडलं नाही. घड्याळ आधीच हवालदाराकडे होतं, एका धुतलेल्या हातरुमालात. साहेब म्हणाले, "मावशी, ते इकडे द्या." मी रुमाल उचलला आणि तो माझ्या हातात टिकटिकला.

मी अशी वस्तू कधी पाहिली नव्हती. एकावर एक ठेवलेल्या पाच रुपयांच्या दोन नाण्यांएवढं, गोल, वर कडी, कडीत काळा गोफ. एका बाजूला पांढरी तबकडी आणि केसासारखे काटे. दुसऱ्या बाजूला झाकण, आणि त्या झाकणावर निळ्या मिन्याची एक चिमणी उडत होती. निळा असा की खाडीवर उन्हं कलताना पाणी दिसतं तसा. तिचा एक पंख धड होता. दुसऱ्याच्या जागी नुसतं सोनं उघडं पडलं होतं. तशीही ती उडतच होती. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. हवालदार म्हणाला, "मावशी, तुमच्या लग्नात नाय दिलं वाटतं असलं?" तेव्हा भानावर आले.

साहेबांनी विचारपूस सुरू केली. साहेब कडक होते, पण हात उगारणारे नव्हते.

"कुणाचं घड्याळ?"

"माझ्या आजेसासूचं. ती सुईण होती. दिघाशी गावाकडे. मागच्या वर्षी वारली."

"सुईणीकडे सोन्याचं घड्याळ?"

"ती तरुणपणी एका बाळंतघरात कामाला होती. तिथल्या डॉक्टरीणबाई कायमच्या गेल्या, तेव्हा त्यांनी तिला दिलं. ते गळ्यात घालून ती बाळंतपणं करायची."

"कागद? फोटो? काही?"

"न्हाय साहेब. ती फोटोच काढू द्यायची नाय."

"मग विकायला का निघालीस?"

"विकायला न्हाय. मला दोन नणंदा हायत. आजीच्या वस्तूंची वाटणी करायचीय. किंमत कळल्याशिवाय वाटणी कशी करायची? म्हणून विचारायला गेले."

 साहेबांनी जुन्या गुन्ह्यांची फाईल मागवली. ठाण्याच्या हद्दीत दोन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याच्या घरी मोठी घरफोडी झाली होती. आरोपी मिळाले नव्हते. चोरीला गेलेल्या मालाच्या यादीत लिहिलं होतं, 'सोन्याचे जुने लॉकेट घड्याळ, एक.'

तिने ते टेबलापलीकडून उलटं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. मी झडतीत खूप चेहरे पाहिले आहेत. चोरी उघडी पडली की माणूस आधी दाराकडे बघतो. ही घड्याळाकडे बघत होती. पण हे काही मी साहेबांना सांगितलं नाही. मला कोण विचारणार?

साहेबांनी तबकडीचा फोटो व्यापाऱ्याच्या मुलाला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "शंभर टक्के आमचंच. आजीच्या कपाटात असायचं."

आता तिच्यावर घरफोडीच्या मालाचा गुन्हा येणार होता. कोठडी, मग कोर्ट. गोदामात पोलीस पडताळणीशिवाय कुणाला ठेवत नाहीत, तेव्हा कामही गेलंच. आणि सासूच्या सासूचं नाव गावात चोराच्या यादीत. ती एवढंच म्हणाली, "साहेब, दिघाशीत कुणालाही विचारा."

पंचनाम्यात मालाची अंदाजे किंमत लिहावी लागते. सोनार म्हणाला, मी सोन्याची सांगेन, घड्याळाची नाही. म्हणून बाजारातल्या एका जुन्या घड्याळजीला बोलावलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी खिडकीपाशी टेबल ओढून घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि पातळ पात्याने झाकण उघडलं. मग आतलं दुसरं झाकण.

"मावशी, देखना है?" मी लांबून मान उंच करत होते, ते त्यांनी पाहिलं होतं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली.

चाचांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं. आत एक सोनेरी चाक होतं, भिंगातून तांदळाच्या दाण्याएवढ्या दिसणाऱ्या लाल खड्यावर टेकलेलं. ते अर्धं पुढे जायचं, अर्धं मागे यायचं. पुढे, मागे. तान्ह्या मुलाची टाळू उडते ना, अगदी तसं. मी श्वास धरून उभी राहिले. शंभर वर्षांपूर्वी कुणा परक्या देशातल्या माणसाने हे एवढंसं चाक बसवलं, आणि ते आज भिवंडीत, पोलीस ठाण्यात, आमच्या टेबलावर हलत होतं.

"सौ साल से ऊपर का है," चाचा म्हणाले. "चाबी रोज किसी ने दी है. रोज. और ये देखो साहब, कडी." कडी आतल्या अंगाने झिजून सुतासारखी झाली होती. "कपाट में रखी हुई चीज की कडी नहीं घिसती. ये गले में रहा है, पचास-साठ साल."

"किंमत?"

"शौकीन आदमी लाख-सवा लाख देगा. पर टूटा है. पूरा होता तो दुगना."

लाख ऐकून हवालदाराने शीळ घातली. ती मात्र म्हणाली, "एवढं? आजी त्याला खुंटीला लावायची."

साहेबांना कडीचं पटलं होतं, ते मला दिसलं. पण कडी नुसतं घालणारं कुणीतरी होतं, एवढंच सांगते. कोण, ते सांगत नाही. इकडे व्यापाऱ्याचा मुलगा आजीचं नाव घेऊन दावा करत होता. सूर्य मावळायला आला होता. सूर्यास्तानंतर बाईला अटक करत नाहीत, म्हणून साहेबांनी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी हजर राहण्याची नोटीस दिली, घड्याळ सीलबंद करून ठेवलं आणि स्टेशन डायरीत नोंद केली. जाताना तिने माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, त्याला चावी कोण देईल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते, तोच फाटकात टेम्पो थांबला. त्यातून बायका उतरायला लागल्या. एक, दोन, पाच, अकरा. काही म्हाताऱ्या, काही पन्नाशीतल्या, काही काष्ट्याच्या लुगड्यात, एक गाऊनवर ओढणी घेऊन. त्यांच्या मागून ती नातसून.

साहेब व्हरांड्यात आले. "हा काय मोर्चा आहे?"

सगळ्यांत पुढची म्हातारी म्हणाली, "मोर्चा न्हाय सायेब, बाळंतिनी हाव. सुईनीच्या."

"म्हणजे?"

"आमची पोरां तिच्या हातावं झाली. ता घड्याळ आमी वलखतो."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "ठीक. एकेकीला आत पाठवा. कुणी कुणाशी बोलायचं नाही. घड्याळ दाखवायचं नाही, नुसतं विचारायचं."

ही रीत मला माहीत होती. वस्तू दाखवून "हेच का?" विचारलं, तर प्रत्येक जण "हेच" म्हणतो. म्हणून आधी खुणा विचारायच्या. बाहेर असलेल्यांवर लक्ष ठेवायला मला आणि एका महिला कॉन्स्टेबलला बसवलं. त्यांना पाणी द्यायचं, पण घड्याळाबद्दल बोलू द्यायचं नाही. मग बायका काय बोलणार? पोरांबद्दलच बोलल्या. तुझा केवढा झाला? माझी धाकटी तेवीसची, तिच्या वेळचं बाळंतपण सुईणीनेच केलं, तेव्हा ती स्वतः काठी टेकत यायची. माझा थोरला आता आजोबा झाला. ती बाळ बाहेर आलं की मोठ्याने वेळ सांगायची, आणि माझा सासरा ती कोळशाने भिंतीवर लिहायचा, पत्रिकेसाठी. सुईण बौद्धवाड्यातली, पत्रिका न मानणारी. ती म्हणायची, "पत्रिका तुमची, वेळ माझी." हे सांगून एक म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला.

आतून साहेबांचा आवाज येत होता. तबकडी कशी होती, हे कुणालाच सांगता येईना. आकडे कसले, काटे कसले, कुणाला माहीत नाही. हवालदार बाहेर येऊन म्हणाला, "काय साक्षीदार आणलेत! घड्याळाचं तोंड एकीनंही बघितलेलं नाय."

पण मागची बाजू अकरांपैकी दहा जणींनी सांगितली. सुईण वाकली की घड्याळ गळ्यातून खाली लोंबायचं, झाकणाची बाजू बाळंतिणीकडे करून. कळा देताना त्यांच्या डोळ्यांसमोर तेवढंच असायचं, निळी चिमणी, झुलणारी. एक म्हणाली, "तिला बघत बघत मी कळ सोसली." ते मी दाराआडून ऐकलं.

तरीही साहेब बाहेर आले ते वैतागून. तोवर व्यापाऱ्याचा मुलगाही येऊन बसला होता. साहेब नातसुनेला म्हणाले, "तुझ्या साक्षीदारांचं एकमत नाही. चार जणी म्हणतात, चिमणीला दोन पंख. सहा जणी म्हणतात, एक पंख तुटलेला. आणि एक म्हणते, मी डोळे मिटून होते, काही पाहिलंच नाही. शिकवून आणायच्या तर नीट तरी शिकवायच्या."

"मी शिकवलं न्हाय साहेब."

व्यापाऱ्याचा मुलगा हसला. "जाऊ द्या साहेब, गावच्या बायका, काय सांगणार."

पुढची म्हातारी त्याच्याकडे वळली. "शेट, तुझ्या आजीचा व्हता ना? मंग तूच सांग, मागं काय व्हतं?"

"डिझाइन होतं."

"डिझाइन म्हंजे? कोंबरा का मासा?"

बायका खदखदल्या. साहेबांनी "गप्प बसा" म्हणून टेबलावर हात आपटला आणि हवालदाराला कागद आणायला सांगितलं. ते अटकेचे कागद आहेत, हे मला कळलं.

मला एक सुचलं होतं. मी महिला कॉन्स्टेबलच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतेस, साहेबांना सांग." मी पदर तोंडाला लावला. वीस वर्षांत मी साहेबांशी आपण होऊन बोलले नव्हते. पण सकाळभर त्या बायकांच्या पोरांची वयं मीच ऐकली होती. आत बसलेल्यांना ती माहीतच नव्हती.

"साहेब," मी म्हणाले, "ह्यांना पोरांच्या वयाने बसवा."

"काय?"

"सुईणीच्या हातचं ज्यांचं शेवटचं पोर सगळ्यांत मोठं, त्या पहिल्या. मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. असं ओळीने."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता झाडू घेऊन घरी पाठवतील. मग ते हळूच म्हणाले, "बसवा."

व्हरांड्यातल्या लांब बाकावर आणि पायऱ्यांवर मी त्यांना बसवलं. बासष्ट वर्षांच्या मुलाची आई पहिली. तेवीस वर्षांच्या मुलीची शेवटची. साहेब जबाबाचे कागद हातात घेऊन ओळीवरून चालू लागले आणि एकेकीसमोर वाचत गेले. "दोन पंख. दोन पंख. दोन पंख. दोन पंख." मग एक बाई. मग, "एक पंख. एक. एक. एक. एक. एक."

 ठाण्यातला फोन वाजत होता, तो कुणी उचलेना.

ओळीत कुठेही गोंधळ नव्हता. अकरा बायका, वेगवेगळ्या घरच्या, कुणी तेवीस, कुणी बासष्ट वर्षांपूर्वीच्या वेदनेत पाहिलेली बोटभर चिमणी, आणि सगळ्या मिळून एका घड्याळाचा इतिहास सांगत होत्या, तोही बरोबर क्रमाने. मी आजवर मोठमोठे पंचनामे पाहिले, तपासाच्या फाईली पाहिल्या, असं कधी पाहिलं नाही.

दोन पंख आणि एक पंख यांच्या मधोमध ती बाई बसली होती जी म्हणाली होती, मी काहीच पाहिलं नाही. तिचा मुलगा एकेचाळीसचा होता. साहेब तिच्यासमोर थांबले. खाली बसले, पायरीवर, तिच्या बरोबरीने.

"आई, तुम्ही डोळे मिटून होतात?"

तिने पदर तोंडावर घेतला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते, पण ती रडतही होती आणि हसतही होती.

"सायेब, लाथ मीच मारली."

"कुणाला?"

"सुईनीला! पोर पोटात आरवा व्हता. दोन दिवस झाले सुटकाच व्हईना. ती वाकली न मी दिली लाथ छातीवं. घड्याळ जाऊन खाटंच्या लोखंडी पायावं आपटलं. निलं तुकरं भुईवं परलं." तिने नाक पुसलं. "मी भ्यालू. एवढा सोन्याचा, आता भरून कुठून द्यावा? मी कोनाला बोललू न्हाय. नवऱ्याला पन न्हाय. आज पन बोलनार नव्हती."

"सुईण काय म्हणाली?"

"बोलली, पंख जेला तं जेला, तुजा पोर आयला ना. आनि टाइम सांगितला."

साहेब उठले. सील तोडून, दोन पंचांसमोर त्यांनी घड्याळ काढलं आणि झाकण वर करून सगळ्यांना दाखवलं. बायका एकदम पुढे सरकल्या. व्यापाऱ्याच्या मुलाने मान लांब करून पाहिलं. त्याला उठून सांगावंच लागलं, "आमचं वेगळं असेल साहेब. आमच्याला चिमणी नव्हती." त्याच्या बोलण्यात लबाडी होती असं मी म्हणत नाही. त्याने आपली वस्तू कधी उलटून पाहिलीच नव्हती.

साहेबांनी रीतसर अकरा जबाब पुन्हा लिहून घेतले, वयांसकट. मग मला हाक मारली. "मावशी, तुमचाही जबाब." मी म्हणाले, "मी काय सांगू?" ते म्हणाले, "तुम्हाला कसं सुचलं, ते." मी सांगितलं आणि सही केली. माझी सही सरकारी कागदावर साक्षीदार म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा झाली.

घड्याळ नातसुनेच्या हातात दिलं, तेव्हा ते थांबलेलं होतं. रात्रभर चावी कुणी दिली नव्हती. तिने अंगठ्याने चावी फिरवली, कानाला लावलं, मग त्या लाथ मारणाऱ्या बाईच्या कानाला लावलं. किमतीबद्दलचं चाचांचं म्हणणं साहेबांनी पंचांसमोर वाचून दाखवलं होतं.

ती बाई म्हणाली, "घड्यालजी बोलला ना गो, पंख असता तं दुप्पट आली असती. माज्यामुलं तुमचं नुकसान झालं."

नातसून म्हणाली, "मावशे, तुझी लाथ नसती तर मी आता आत कोठडीत असते."

यावर पुन्हा हशा झाला, आणि त्या हशातच सगळ्या टेम्पोत चढल्या. वाटणीचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

या गुन्ह्याने मला एक शिकवलं, आणि साहेबही पुढे नव्या अंमलदारांना तेच सांगायचे. सगळे साक्षीदार एकच एक बोलले, तर सावध व्हावं. कुणीतरी पाठ करून घेतलेलं असतं. जबाब जुळत नाहीत, म्हणून माणसं खोटी ठरवू नयेत. त्यांनी ती गोष्ट कधी पाहिली, कुठून पाहिली, उभं राहून की आडवं पडून, हे आधी विचारावं. त्या अकरा जणी एकमेकींशी जुळल्या असत्या, तर तिला कुणी सोडवू शकलं नसतं. त्या जुळल्या नाहीत. प्रत्येकीने आपल्या वेळेला जेवढं दिसलं, तेवढंच सांगितलं. जिला सांगायची लाज वाटत होती, तिने सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत खरं सांगितलं.